पंधरा गोळ्यांवरून सहावर: डिमेन्शिया झालेल्या आईंची औषधं कमी करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७६ वर्षांच्या, बीड जिल्ह्यातल्या गावी थोरल्या भावाकडे असतात. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मिळून रोज पंधरा प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. या उन्हाळ्यात त्या दोनदा पडल्या. हात थरथरतात, पाय घासत चालतात, दिवसा गुंगीत असतात आणि रात्री जाग्या. हार्ट अटॅक, लकवा किंवा फिट कधी आलेली नाही, हृदयाचा त्रासही कुणी सांगितलेला नाही. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ६.२ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास भाऊ-वहिनी ऊसतोडीला गेले की गोळ्या द्यायला दहावीतली नात आणि शेजारच्या काकू. जूनपासून तोवर चार महिने आहेत, तेवढ्यात काय काय बंद करता येईल?

बरंच काही. पण ते क्रमाने करायचं, आणि तुमच्या डॉक्टरांपैकी एकाला 'यापुढे सगळ्या गोळ्यांचा हिशेब तुमच्याकडे' असं सांगून करायचं. शक्यतो जो एमडी मेडिसिन डॉक्टर जवळ आहे आणि ज्यांच्याकडे दर दोन-तीन आठवड्यांनी जाता येईल, तेच धरा. मोठ्या शहरातला सुपरस्पेशालिस्ट वर्षातून एकदा भेटतो, आणि हे काम एका भेटीत होत नाही. खालचे डोस आणि टप्पे त्या डॉक्टरांसमोर ठेवण्यासाठी लिहिले आहेत. लिव्हर, किडनी आणि ईसीजी बघून ते बदलतील.

आधी गोळ्यांचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. तुम्ही पाठवलेल्या यादीत पंधरा गोळ्या आहेत, पण औषधं एकवीस आहेत. 'गॅसची कॅप्सूल' म्हणून दिलेल्या गोळीत रॅबेप्राझोलबरोबर लिव्होसल्पिराइड आहे. 'नसांच्या ताकदीची गोळी' म्हणजे प्रेगाबालिन, मिथाइलकोबालामिन आणि नॉर्ट्रिप्टिलिन असं तिघांचं मिश्रण. बीपीच्या टेल्मिसार्टनमध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं आहे, आणि शुगरच्या गोळीत मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड. आपल्याकडे अशा मिश्र गोळ्यांचा सुळसुळाट आहे. त्यामुळे डॉक्टर 'लिव्होसल्पिराइड बंद करा' म्हणतात, घरचे मान डोलावतात, आणि गॅसच्या कॅप्सूलमधून ते पोटात जातच राहतं.

आता यादी रोगाप्रमाणे न वाचता कोणती गोळी कोणत्या गोळीमुळे आली अशी वाचा. तीन साखळ्या दिसतात.

पहिली साखळी थरथरीची. लिव्होसल्पिराइड आणि चक्करेसाठी चालू असलेलं सिनारिझिन ही दोन्ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात. म्हाताऱ्या माणसात काही महिने चालली की हात थरथरतात, चेहरा निर्विकार होतो, पावलं घासतात. हा पार्किन्सनसारखा दिसणारा, औषधातून आलेला त्रास असतो. त्यावर कुणीतरी ट्रायहेक्सीफेनिडिल दिलं. हे औषध मेंदूतलं ॲसिटिलकोलीन, म्हणजे स्मरणशक्तीला लागणारं रसायन, अडवतं. अल्झायमरमध्ये त्याचीच टंचाई असते, आणि तेच टिकवण्यासाठी तुम्ही रोज डोनेपेझिल देता. म्हणजे एका हाताने घागर भरायची आणि दुसऱ्या हाताने भोक पाडायचं. वरून ट्रायहेक्सीफेनिडिलने भास होतात, रात्री उठून भिंतीशी बोलणं होतं, आणि मग भास-आरडाओरडा आवरायचं क्वेटियापिन येतं.

दुसरी लघवीची. डोनेपेझिलने काही जणांना लघवी आवरत नाही. त्यावर टॉल्टेरोडिन दिलं गेलं, तेही ॲसिटिलकोलीन अडवणारंच. ट्रायहेक्सीफेनिडिल, टॉल्टेरोडिन, नॉर्ट्रिप्टिलिन आणि थोड्या प्रमाणात क्वेटियापिन, असे चौघे एकाच बाजूने विस्मरण, बद्धकोष्ठ, कोरडं तोंड आणि गुंगी वाढवताहेत.

तिसरी पायांच्या सुजेची. बीपीच्या ॲम्लोडिपिन १० मिलिग्रॅमने घोटे सुजतात, प्रेगाबालिननेही सुजतात. सूज दिसली म्हणून फ्युरोसेमाइड ४० आलं. हायड्रोक्लोरोथायझाइड धरून लघवी काढणारी औषधं दोन झाली. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, तहान लागली हे डिमेन्शियाचं माणूस सांगत नाही, आणि शरीरातलं पाणी व सोडियम उतरतं. शिवाय उन्हाळ्यात बीपी मुळातच खाली येतं, त्यामुळे थंडीत ठरवलेला डोस मे महिन्यात जास्त होतो. दोनदा पडण्याचं कारण शोधायला फार लांब जायला नको.

सुरुवात करण्याआधी एकदाच या गोष्टी मोजून ठेवा. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), ईसीजी आणि वजन. आणि बीपी बसून नव्हे, झोपवून आणि मग उभं करून. पाच मिनिटं आडवं ठेवून पहिलं माप, उभं केल्यावर एक मिनिटाने दुसरं, तीन मिनिटांनी तिसरं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते उभं राहिल्यावर बीपी पडणं. बहुतेक दवाखान्यांत हे मोजलं जात नाही, कारण त्याला वेळ लागतो. तुम्ही स्वतः हट्ट धरा.

पहिला बदल ग्लिमेपिराइडचा, आणि तो त्याच आठवड्यात. एचबीए१सी ६.२ चा रिपोर्ट पाहून घरात आनंद होतो, पण या वयात, डिमेन्शियात आणि ग्लिमेपिराइडवर असताना हा आकडा धोक्याचा आहे. आई जेवण विसरतात, एकादशी धरतात, अर्धी भाकरी खाऊन उठतात, गोळी मात्र पूर्ण जाते. शुगर ७० च्या खाली गेली की त्या 'मला कसंतरी होतंय' असं सांगणार नाहीत. चिडतील, घामेजतील, गप्प बसतील किंवा पहाटे दार उघडून बाहेर जातील. घरचे समजतात आजार वाढला. यांच्यासाठी एचबीए१सी ८ च्या आसपास पुरे, साडेआठही चालेल. मिश्र गोळी बंद करून साधं मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा ठेवायचं. किडनीचा ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ४५ च्या खाली असेल तर दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नाही, ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिनही बंद. पुढचे तीन आठवडे आठवड्यातून दोनदा शुगर बघा. २०० पर्यंत गेली तर घाबरू नका. सतत २५० च्या वर राहिली, किंवा लघवी-तहान फार वाढली, तर डॉक्टरांना कळवा. गोळी बदलेपर्यंत शुगर उतरली आणि आई शुद्धीत असतील तर साखर-पाणी किंवा गूळ-पाणी द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ राहतो, काही तासांनी शुगर पुन्हा पडते, म्हणून दवाखान्यात नेऊन चोवीस तास नजर ठेवावी लागते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका.

त्याच आठवड्यात लिव्होसल्पिराइड आणि सिनारिझिन थेट बंद होऊ शकतात, हळूहळू कमी करण्याची गरज नाही. गॅससाठी तात्पुरतं साधं रॅबेप्राझोल ठेवा. सिटिकोलिन-पिरासिटामची गोळीही सोडून द्या. आपल्याकडे ती 'मेंदूचं टॉनिक' म्हणून सर्रास लिहिली जाते, पण अल्झायमरमध्ये तिच्या फायद्याचा भरवशाचा पुरावा नाही. महिन्याच्या खर्चात मात्र ती ठळक दिसते. ॲम्लोडिपिन १० चं ५ करायचं. एका वेळी एकच बदल हा नियम खरा, पण त्याचा हेतू समजून घ्या. काही बिघडलं तर कशामुळे ते कळावं म्हणून तो आहे. ज्या गोळ्या उघड धोक्याच्या आहेत किंवा काहीच करत नाहीत, त्यांच्यासाठी तीन-तीन आठवडे थांबण्यात अर्थ नाही.

थरथर लगेच जाईल अशी अपेक्षा धरू नका. औषधातून आलेला पार्किन्सन ओसरायला आठवडे ते महिने लागतात. सहा महिन्यांनंतरही राहिला तर मुळातच पार्किन्सन किंवा लेवी बॉडी डिमेन्शिया (पार्किन्सनसारखी लक्षणं असणारा डिमेन्शियाचा दुसरा प्रकार) आहे का, हे न्यूरॉलॉजिस्टने बघावं. लेवी बॉडीचा नुसता संशय असला तरी आरडाओरडा शांत करायला देतात ते हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन टाळायला चिठ्ठीवर ठळक लिहून ठेवा. त्या रुग्णांना ते जिवावर बेतू शकतं.

तिसऱ्या आठवड्यापासून ट्रायहेक्सीफेनिडिल उतरवायचं. २ मिलिग्रॅम दोनदा चालू आहे, ते दोन आठवडे फक्त सकाळी एक, मग दोन आठवडे अर्धी, मग बंद. टॉल्टेरोडिन याच काळात काढू नका. दोन्ही एकदम गेली की डोनेपेझिल मोकाट सुटतं आणि मळमळ, जुलाब, लाळ, घाम सुरू होतो. घरचे म्हणतात 'गोळ्या काढल्या आणि आई आजारी पडली', आणि सगळं परत सुरू होतं. टॉल्टेरोडिन सातव्या आठवड्यात थांबवा. त्याआधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना ते बघा, पोट साफ होतंय ना ते बघा, आणि जागेपणी दर दोन-अडीच तासांनी त्यांना संडासात नेऊन बसवायची सवय लावा. या सवयीनेही चांगला फायदा होतो.

फ्युरोसेमाइडचा नंबर तिसऱ्या आठवड्यातच. ॲम्लोडिपिन निम्मं केल्यावर सूज उतरायला लागली असेल. हृदयाचा त्रास नाही याची डॉक्टरांनी खात्री केली, गरज वाटली तर टूडी-इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, की ४० चं २० एक आठवडा आणि मग बंद. वजन एक दिवसाआड, सकाळी, त्याच काट्यावर. आठवड्यात दोन किलो वाढलं किंवा धाप लागली तर लगेच दाखवा. त्यानंतर दोन आठवड्यांनी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइडच्या जागी साधं टेल्मिसार्टन ४०, आणि पुढच्या दोन आठवड्यांत पोटॅशियम व क्रिएटिनिन पुन्हा तपासायचं. लघवी काढणारी गोळी नसताना टेल्मिसार्टनने पोटॅशियम चढू शकतं. मात्र पहिल्याच रिपोर्टमध्ये सोडियम १३० च्या खाली आलं, तर हा क्रम विसरा आणि लघवी काढणाऱ्या दोन्ही औषधांचा निर्णय त्याच दिवशी घ्यायला सांगा. बसून वरचं बीपी १३० ते १५० मध्ये राहिलं आणि उभं राहिल्यावर पडत नसेल, तर आणखी खाली ओढू नये.

ॲस्पिरिन ७५ केव्हाही थांबवता येईल. हार्ट अटॅक, लकवा, स्टेंट यातलं काही झालेलं नसताना सत्तरीनंतर ॲस्पिरिनने फायदा होत नाही, रक्तस्राव वाढतो. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९ हजारांहून अधिक वृद्धांवरच्या ॲस्प्री अभ्यासातून २०१८ साली हे स्पष्ट झालं. ज्यांना अटॅक किंवा लकवा येऊन गेलाय त्यांचं ॲस्पिरिन हे वाचून कुणीही थांबवू नये. ॲस्पिरिन गेलं आणि घरात डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या चालू नसल्या, की रॅबेप्राझोलही दोन आठवडे दिवसाआड करून बंद होतं. नंतर दोन-चार आठवडे ॲसिड उसळतं. ते गोळी सोडल्याचं उसळणं असतं. त्या दिवशी एक गोळी घेतली तर हरकत नाही, पण रोजची पुन्हा लावू नका. कोलेस्टेरॉलच्या ॲटोरवास्टॅटिनची घाई नाही. तिचा फायदा दिसायला काही वर्षं लागतात. आजार शेवटच्या टप्प्यात गेला, गिळणं अवघड झालं, की ती सहज सोडता येते.

नसांच्या गोळीत एक मेख आहे. नॉर्ट्रिप्टिलिन नक्की जायला हवं. प्रेगाबालिन ७५ आहे, ते एकदम सोडायचं नाही. साधं प्रेगाबालिन ५० आठवडा-दोन आठवडे, मग बंद. पण बी-१२ गाळू नका. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि गॅसची गोळी घेणाऱ्यांत, त्यात दूधही बेताचं पिणाऱ्यांत, बी-१२ ची कमतरता आढळते आणि तिनेही विस्मरण व तोल जाणं वाढतं. रिपोर्ट कमी आला तर साधं बी-१२ चालू ठेवा.

झोपेची आणि वागण्याची औषधं मुद्दाम शेवटी, आणि दोन्ही कधीच एकत्र कमी करायची नाहीत. क्वेटियापिनसारख्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचं प्रमाण वाढतं. अमेरिकेच्या एफडीएने २००५ साली नव्या पिढीच्या आणि २००८ साली जुन्या पिढीच्या अशा औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. म्हणून आरडाओरडा, मारहाण थांबून तीन-चार महिने झाले की ती कमी करून बघायलाच हवीत. नवव्या आठवड्यापासून ५० चं २५, दोन आठवड्यांनी साडेबारा, आणखी दोन आठवड्यांनी बंद. मध्येच चिडचिड वाढली तर डोस चढवण्याआधी तीन गोष्टी बघा: पोट साफ आहे का, कुठे दुखतंय का, लघवीला जळजळ आहे का. दुखण्याचा संशय असेल तर पॅरासिटामॉल ५०० दिवसातून तीनदा, चार दिवस देऊन फरक बघा. चौथी गोष्ट आपल्या भागातली. बऱ्याच आजींना मिश्रीची सवय असते, आणि घरचे 'आता कशाला' म्हणून डबी लपवतात. तंबाखू अचानक तुटल्याची बेचैनी हुबेहूब आजार वाढल्यासारखी दिसते. सवय सोडवायचीच असेल तर ती या महिन्यांत नको.

झोपेची गोळी क्लोनाझेपाम ०.५ सगळ्यात हळू. अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते, भ्रम होतो. ०.२५ च्या साध्या गोळ्या आणा. जिभेवर विरघळणारी नको, ती तोडताना चुरा होतो. पहिले दोन आठवडे ०.२५ ची दीड गोळी, पुढचे दोन एक गोळी, मग अर्धी, मग बंद. प्रत्येक पायरीनंतर दोन-तीन रात्री झोप बिघडते. तेवढ्याने मागे फिरू नका. चार-पाच रात्री सलग जागरण झालं तर आधीच्या पायरीवर दोन आठवडे थांबा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चारनंतर चहा नको, सकाळी ओसरीवर उन्हात बसवा. डोनेपेझिल रात्री देत असाल तर ते सकाळी न्या. रात्रीच्या डोसने भयानक स्वप्नं पडतात आणि झोपेची गोळी त्यावरच सुरू झालेली असू शकते.

डोनेपेझिल सध्या ठेवायचं. नाडी ५० च्या खाली, चक्कर येऊन पडणं, सतत वजन घटणं यातलं काही असेल तर मात्र त्याचाही विचार करावा. १० चं ५ चार आठवडे, मग बंद, आणि पुढच्या महिन्यात खाणं, बोलणं, ओळखणं स्पष्ट ढासळलं तर पुन्हा सुरू. आजार मध्यम असताना घाईने काढण्यात नुकसान होऊ शकतं.

तुमच्या यादीत नाहीत, पण इतरांच्या घरी असतात अशी काही औषधं स्वतःहून कधीच तोडू नयेत: मेटोप्रोलॉलसारखी नाडी संथ करणारी औषधं, क्लोनिडिन, फिटच्या गोळ्या, लिव्होडोपा, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ ठेवणारी औषधं आणि स्टेरॉइड. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या महिनोन्महिने चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि त्या अचानक बंद केल्या तर बीपी कोसळू शकतं.

हे सगळं बहुधा कुठे फसतं तेही सांगतो. बंद केलेली गोळी घरातच राहते आणि पाहुणे आले की परत सुरू होते. म्हणून उरलेली पाकिटं मेडिकलवाल्याकडे परत द्या किंवा नष्ट करा. सर्दी झाली की मेडिकलवरून आणलेल्या साध्या गोळीत क्लोरफेनिरामिन असतं, पोटदुखीच्या गोळीत डायसायक्लोमिन. ही दोन्ही ट्रायहेक्सीफेनिडिलच्याच जातीची, आणि एका रात्रीत भ्रम उभा करतात. अशक्तपणा म्हणून सलाईन लावायला नेलं की बाटलीत काय काय गेलं ते कुणी लिहून देत नाही, ते लिहून मागा. कुठे ॲडमिट झाल्या तर डिस्चार्ज कार्डावर जुनी यादी जशीच्या तशी उतरते, त्यामुळे बंद केलेल्या गोळ्यांचीही यादी ठेवा, पुढे कारण लिहून: 'सिनारिझिन – थरथर', 'ग्लिमेपिराइड – शुगर उतरली'. आणि गोळ्या कुटून भाकरीच्या कुस्कऱ्यात देण्याआधी विचारा. एसआर, एक्सआर असं लिहिलेली गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

भावंडांत कुणीतरी म्हणेल की औषधं काढली म्हणजे आईचा नाद सोडला. त्यांना उभ्या बीपीचे आकडे आणि पडण्याच्या तारखा दाखवा. काढलेली बहुतेक औषधं पुन्हा सुरू करता येतात, खुब्याचं मोडलेलं हाड मात्र या वयात सहसा पूर्वपदावर येत नाही, हेही सांगा.

आता दिवाळीची मुदत. भाऊ-वहिनी निघण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत एकही नवा बदल करू नका. क्लोनाझेपामचे टप्पे तेराव्या आठवड्याला, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतील, त्यामुळे तोवर ते संपणार नाहीत. ०.२५ च्या एका गोळीवर येऊन थांबा आणि उरलेलं वहिनी गावी परतल्यावर करा. नातीच्या हाती सकाळी टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, डोनेपेझिल, मेटफॉर्मिन आणि रात्री मेटफॉर्मिन, ॲटोरवास्टॅटिन, क्लोनाझेपाम एवढंच राहील. बी-१२ लागलं तर ते सकाळच्यात. सात दिवसांचा, सकाळ-रात्र अशा दोन कप्प्यांचा डबा आणा आणि तो दर आठवडी बाजाराच्या दिवशी शेजारच्या काकूंनी भरावा, नातीने नाही. आई जेवल्या नाहीत तर मेटफॉर्मिन द्यायचं नाही, जुलाब-उलटी झाली तर मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन दोन्ही थांबवून त्याच दिवशी फोन करायचा, हे डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.